ठकीची निळी फाईल

पापडी, वसई
मंगळवार, ४ फेब्रुवारी २०२५

प्रिय मनोरमा,

तू, जितेश आणि सूनबाई मजेत असाल. मीही बरी आहे. गुडघा सोडला तर तक्रार नाही, आणि गुडघ्याची तक्रार ऐकायला घरात कुणी नाही. तुझ्या जागेत आलेले भाडेकरू शांत आहेत. इतके शांत की भिंतीपलीकडे माणसं राहतात की कपाटं ठेवलीत, कळत नाही. तुझी अळूची कुंडी त्यांनी वाळवली. मी सांगायला गेले, तर त्या बाईने दाराची साखळीसुद्धा काढली नाही.

काल फोन केला तो कैरीच्या लोणच्यासाठी नव्हता. तुझा आवाज ऐकला आणि माझा धीर सुटला, म्हणून तोंडाला आलं ते विचारलं. तू बिचारी मोहरी किती, मेथी किती, सगळं सांगत बसलीस. फोनवर मी पुन्हा तेच करीन, म्हणून लिहिते आहे. माझा भाचा केनी रोज तुमच्या नायगावला कामाला जातो, तो हे पत्र तुझ्याच हातात देईल.

मला ठकीची फाईल हवी आहे. ती निळी, लशींचं कार्ड आणि नसबंदीचे कागद असलेली. तू काही फेकत नाहीस, तेव्हा ती असणारच.

गेलेल्या मांजरीची फाईल हिला कशाला, असं तुला वाटलं असेल. मनोरमा, ठकी गेलेली नाही. हरवलीही नव्हती. पहिल्या दिवसापासून ती माझ्या घरात आहे.

तुमचं सामान हललं त्या दिवशी जितेशने तिला तांदळाच्या पोत्यात घातलं होतं, मांजराला पोत्यातून नेलं की ते वाट विसरतं म्हणून. टेम्पो निघायच्या आधीच पोतं फाडून ती माझ्या फ्रिजमागे येऊन बसली. संध्याकाळी तुझा फोन आला तेव्हा मी सांगणारच होते. पण मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, "काही नाही, रविवारी येते मी शोधायला." मग मी म्हटलं, "ये, मलाही कुठे दिसली नाही."

आठ रविवार तू आलीस. मी ठकीला मागच्या खोलीत कोंडायची आणि तिचं ओरडणं ऐकू येऊ नये म्हणून रेडिओ मोठा लावायची. तू एकदा विचारलंसही, कान गेले का गं तुझे म्हणून. मग चहा घेऊन आपण निघायचो, तळ्यापर्यंत, चर्चच्या मागे, केळीच्या वाड्यांमधून. तुझ्याबरोबर मीही ठकीला हाका मारल्या. हे लिहिताना लाज वाटते. पण माझा नवरा मार्टिन गेल्यापासून मी कुणाशी एवढं बोलले नव्हते, जेवढं त्या आठ रविवारी तुझ्याशी बोलले. नवव्या रविवारी तुझा फोनच आला. "आता नाही यायची गं मी. सुटली बिचारी, असंच समजते." तू रडत होतीस. तेव्हा सांगायला हवं होतं, आणि मी फोन ठेवला. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. इथे मांजर राहिलं बाजूला, मीच अकरा महिने पीत होते.

तुझ्या भाडेकरणीने पाहू नये म्हणून ठकीला अंगणातही सोडलं नाही. खिडकीचा पडदा कायम ओढलेला. गेल्या महिन्यात ती पोट चाटायला लागली, चाटून चाटून तिथले केस गेले. मी आपलं खोबरेल लावत राहिले. मग वाळूच्या घमेल्यात सारखी जाऊन बसायची, दोन थेंब करायची. शनिवारी त्यात रक्त दिसलं. रिक्षा करून तिला एव्हरशाईनमधल्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर ज्ञानदा तरुण आहे, पण हात हलका आहे. सोनोग्राफीत मूत्राशयात खडा निघाला. शुक्रवारी ऑपरेशन ठरलंय. खडा कोंडल्यामुळेच झाला असं नाही म्हणाली, पण अंग चाटून घेते ती कंटाळ्याने आणि भीतीने, आणि असं जनावर पाणीही धड पीत नाही. मी म्हटलं, ती तर अगदी शांत असते, ओरडतसुद्धा नाही. त्यावर ती म्हणाली, "आजी, मांजर दुखणं लपवतं. गप्प आहे म्हणजे बरं आहे असं समजायचं नसतं."

मग तिने वय विचारलं, लशी विचारल्या, आधी कधी भूल दिली होती का, काही त्रास झाला होता का, विचारलं. तेव्हा मला आठवलं. नसबंदीच्या वेळी भुलीच्या इंजेक्शनने तिचा श्वास अडकला होता, तू भिंतीवरून सांगितलं होतंस, इंजेक्शनचं नावही सांगितलं होतंस. मी कोळंबी सोलत हो हो करत होते. डॉक्टर म्हणाली, ते नाव कळलं तर तिचा जीव धोक्यात न घालता भूल देता येईल, आणि फार दिवस थांबताही येणार नाही. फाईल गुरुवारपर्यंत पाहिजे, मनोरमा. ती केनीच्या हाती दिलीस आणि माझं तोंड पाहिलं नाहीस तरी चालेल. तो तुझा हक्क आहे.

आज सकाळी मी पडदा काढला. ठकी दुपारपर्यंत खिडकीत बसली होती, तुझ्या दाराकडे तोंड करून. मी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. आम्हा दोघींना बघायला तिथे काही नव्हतं, तरी बसलो.

दवाखान्याच्या कागदावर मालकाचं नाव विचारलंय. पेन हातात घेऊन मी बराच वेळ बसले, मग तुझं नाव आणि नंबर लिहिला. सही तुझीच लागेल, म्हणून तो कागद पत्रासोबत पाठवते. ऑपरेशन नीट झालं की तिला घेऊन जा. तुमच्या नव्या घरी, सतराव्या मजल्यावर, खिडक्यांना जाळी मात्र आधी लावून घे, मांजरं कबुतरामागे उडी टाकतात असं ज्ञानदा म्हणाली. पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेव. यावेळी पोत्यात घालू नका, माझ्याकडे टोपली आहे.

ती गेली तर मी रडणार नाही, असं लिहिणार होते. पण तुझ्याशी आता खोटं पुरे झालं.

तुझी,
लिडिया