लिहिलेलं वाचता येत नाही

ती. ताईस,
धाकट्याचा वाकून नमस्कार.

मी बरा आहे. जेवण जातं, सून जिवापाड जपते. तुझे गुडघे कसे आहेत?

एक सांगतो, घाबरू नकोस. मंगळवारी वर्तमानपत्र उघडलं, तर अक्षरांच्या जागी नुसत्या मुंग्या. चष्मा बदलला, तरी मुंग्याच. मग मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, मनातली एखादी ओळ लिहा." मी तिसरीतल्या कवितेची ओळ झरझर लिहिली.

"आता वाचा."

ताई, माझीच ओळ मला वाचता येईना!

"डोळे शाबूत आहेत. मेंदूत गुठळी अडकलीय. लिहायची वाट उघडी, वाचायची बंद. असा पेशंट मी पहिल्यांदाच बघतेय."

मुलगा म्हणाला, "बाबा, शाळेसारखा इथेही पहिला नंबर!" मी हसलो खरा. वाचणं परत येईल का, हे बाईंनाही ठाऊक नाही. पाठ असलेल्या कविता उद्या विसरलो, तर कुठे शोधू?

अक्षरावरून बोट फिरवा, बोटाला आठवेल, असं त्यांनी सांगितलंय. तुझं परवाचं पत्र तसंच वाचतोय. सकाळपासून 'चिरंजीव' एवढंच लागलं. पुढचं कुणाला वाचू दिलेलं नाही. तू येऊन वाच.

तुझा,
भेदरलेला धाकटा