पर्यावरण संगीत वर्गाचा उन्हाळा

४ मे, रविवार
उद्यापासून माझा 'पर्यावरण संगीत वर्ग'. दुपारी तीन ते चार, आपल्याच हॉलमध्ये. फी नाही. वीज खात्यात फायली हलवण्यात आयुष्य गेलं, आता मुलांची मनं हलवायची. लेआउटभर घरोघरी फिरून सांगून आलो. पहिलं गीत स्वतःच रचलं: 'नळ टपकतो, ऐका हो शेजारी'. वृंदावनी सारंग. अरुंधती म्हणाली असती, आधी आपल्या बेसिनचा नळ दुरुस्त करा. ती पुण्याला, आमच्या लेकीच्या, श्वेताच्या बाळंतपणाला गेली आहे. बाळ आता चालायला लागलं. येईलच.

५ मे
सात मुलं! समोरच्या श्यामलाबाईंची मिनल पेटीजवळ बसली. बाकी सगळी कूलरसमोर. पोरांना संगीताची इतकी भूक असेल असं वाटलं नव्हतं. एकाची तर गाण्यात समाधीच लागली. चार वाजता हलवून उठवावं लागलं.

८ मे
आयुषने विचारलं, "काका, पन्हं आहे का?" गळ्याची एवढी काळजी घेणारा विद्यार्थी विरळा. उद्यापासून रियाजाआधी पन्हं.
मिनल म्हणाली, "काकू कधी येऊन राहिल्या?" म्हटलं, लवकरच. सा लाव.

१२ मे
महत्त्वाचा निर्णय. कूलर टाकीभर पाणी पितो आणि त्याच्याच हवेत बसून आम्ही पाणी वाचवा म्हणून गातो. हे ढोंग आहे. उद्यापासून कूलर बंद.

१३ मे
चारच मुलं. आयुष म्हणाला, "कूलर काहून बंद केला? मले गरम होऊन राहिलं नं!" मी त्याला भूजलाची पातळी समजावली. तो म्हणाला, "मंग पन्हं तरी थंडं द्या." फ्रिजही विजेवर चालतो, हे त्याला सांगितलं.

१६ मे
एकटी मिनल. बाकीच्यांच्या परीक्षा असतील. (सुट्या चालू आहेत हे नंतर आठवलं.)

१९ मे
परवा एकटा आयुष, काल एकटी नूपुर, आज पुन्हा मिनल. रोज एकच जण येतो. मुलांनी आपसात ठरवून वैयक्तिक तालमीची पद्धत काढलेली दिसते. गुरुकुलात असंच असायचं.

२५ मे
नवतपा लागला, आता नऊ दिवस नुसती आग. अरुंधतीचा फोन. श्वेता म्हणते, आता बाबांनीच इकडे यावं. शक्य नाही म्हणालो, इथे चळवळ उभी राहिली आहे. तिने विचारलं, नीट जेवता ना? मी पाच जूनच्या कार्यक्रमाबद्दल सांगत राहिलो.
खिचडी. कालचीच.

२ जून
जागतिक पर्यावरण दिन, लेआउटच्या बगिच्यात समूहगान. मंडपवाल्याला खुर्च्या सांगितल्या. कमी पडू नयेत म्हणून सतरंजीही.

५ जून, संध्याकाळी
खुर्च्या पुरल्या.
पलीकडच्या गल्लीत कोणाचा तरी वाढदिवस होता, डीजे लावला होता. मिनल तेवढी आली. बराच वेळ वाट पाहिली. मग म्हटलं, चल, आपण दोघं गाऊ. तिला पहिल्या ओळीपुढे काहीच येईना. म्हटलं, अगं, महिनाभर मग कशाला येत होतीस?
ती चपलेने माती उकरत राहिली. मग म्हणाली, "मम्मीनं सर्व्यायले सांगितलं होतं. काकू नाही, काका एकटेच राह्यते, रोज कोणीतरी जाऊन बसत जा त्यायच्यापाशी. आमचे नंबर लावले होते. आज माहा नंबर होता."
छान, म्हणालो.
तिन्ही कडवी एकट्यानेच म्हटली. डीजेमुळे सूर लागला की नाही कळलं नाही. ती शेवटपर्यंत बसली. टाळ्याही वाजवल्या. मग विचारलं, "झालं का काका? जाऊ मी?"

७ जून
काल वर्ग घेतला नाही. आज तीनला बेल वाजली. नूपुर असावी. दार उघडलं नाही.
अरुंधतीला फोन केला. येतो म्हणालो. ती म्हणाली, "या. पण पेटी तेवढी आणू नका. बाळ दचकून उठतं."
बरं, म्हणालो.
तिकीट काढलं. वेटिंग आलं.