राक्षसांची पाठ

प्रिय ठोंब्या,

पत्र बघून दचकू नकोस, तुझे भाऊजी आहेत तसेच आहेत. उजवा हात अजून उचलत नाही, जीभ जडच आहे. मी मात्र पार दमलेय रे. औषधं, मालिश, अंथरूण, आणि वर ह्यांचा अबोला.

तुमची ती खेळातली लढाई अजून जेवणाच्या टेबलावर मांडलेलीच आहे. ह्यांचे बोटभर उंचीचे बुटके बोकडांवर स्वार, समोर तुझे भालेवाले राक्षस. धूळ पुसताना एकाचं शिंग तुटलं, ते चिकटवलंय. आम्ही मायलेकी ओट्याशी उभ्यानंच जेवतो. पूर्वी या खेळावरून मी किती कटकट करायचे! पण डॉक्टर रोज बसवा म्हणाले, तेव्हा ह्यांना खुर्चीत बसवलं ते त्या बुटक्यांनीच. हे डाव्या हातानं फासे टाकायचे, सैन्य मी सरकवायचे.

गेल्या खेपेला तू हरून गेलास आणि तेव्हापासून हे उठून बसलेच नाहीत. जिंकल्यावर माणूस खूश होतो, की अंथरूण धरतो? शेवटी राक्षस घेऊन मीच खेळायला बसले. खेळताना तू घोकायचास ते पायदळाचे धडे आठवले : रांग मोडायची नाही, पुढचा पडला की मागच्यानं जागा भरायची, आणि स्वारांना पाठ कधी दाखवायची नाही. पण माझा नुसता सावळागोंधळ. ह्यांनी एकदा बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

काल अंग पुसताना अडखळत अडखळत बोलले. त्या दिवशी तू भालेवाल्यांची अख्खी रांग वळवून बोकडस्वारांसमोर पाठमोरी उभी केलीस म्हणे. इतक्या वर्षांत असला गाढवपणा तू कधी केला नाहीस. म्हणजे डॉक्टरांनी तुला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं असणार, आपण आता थोड्या दिवसांचे सोबती, असं ह्यांनी मनाशी धरलंय. अरे देवा! डॉक्टर तर म्हणतात, रोज उठून बसत राहिले तर हे सुधारतील. तुला नुसती दया आली होती ना? मला तुझा रागही आला आणि रडूही आलं.

माझं ह्यांना पटत नाही, बायको धीर देणारच म्हणतात. फोन केला असता तर ह्यांच्या कानावर गेलं असतं, म्हणून हे पत्र. रविवारी ये. भालेवाल्यांची रांग नीट लाव, आणि तुझ्या भाऊजींना चांगलं धुऊन काढ. माझी शपथ आहे, जरासुद्धा दयामाया दाखवू नकोस.

तुझीच,
दमलेली ताई