डाव्या खांद्यावरचा डिंक

३ मार्च
शिरवणे गावाजवळ, टॉवरांच्या मधोमध, चक्क इंग्लिश बाग! बिल्डरने विलायतेत कुण्या लॉर्डच्या बागेतलं जुनं देऊळ पाहिलं आणि हुबेहूब इथे उभं केलं. सहा पांढरे खांब, घुमट, आत संगमरवरी बाई. पूजा नाही, नुसती शोभा. आणि या सगळ्या बागेची मुखत्यार मी! आईला फोनवर तीनदा सांगितलं.

११ मार्च
शिरवण्याच्या माळ्यांनी मात्र त्या बाईची देवी करून टाकलीय. म्हातारे कमळाकरमामा तिला कौल लावतात. प्रश्न विचारून दोन्ही खांद्यांवर तगरीच्या ओल्या कळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मला हसू आवरेना.

२ एप्रिल
सोसायटीचे पांढरे गुलाब जळाले. औषधाचं प्रमाण मीच चुकवलं, दसपट. चेअरमन राजनंदिनीबाईंना मात्र फवारणाऱ्या रखमाचं नाव सांगितलं. महिन्याभरात नोकरी घालवू?
रखमा रडली नाही. एवढंच म्हणाली, "मी नाय केला, बाय. देवीला इचारा." राजनंदिनीबाईंना गंमत वाटली, त्या हो म्हणाल्या.

३ एप्रिल
सगळ्यांच्या आधी जाऊन संगमरवरी बाईच्या डाव्या खांद्यावर डिंकाचं बोट फिरवून आले. मामांनी विचारलं, चूक रखमाची काय? उजवी कळी पडली. रखमा माझ्या बोटांकडे बघत राहिली. तिला कामावरून काढलं.

७ एप्रिल
चार दिवस रखमा देवळाच्या पायरीवर बसून होती, अन्नपाण्याशिवाय. आज भर उन्हात तिथेच प्राण सोडला. फार वाईट वाटलं. खरं सांगायला मात्र तोंड उघडलं नाही.

९ एप्रिल
उठले तर दोन्ही खांदे ओले. तगरीचा वास. डावा चिकट. तीनदा साबण लावला, तरी—

१० एप्रिल
डावा हात उचलवत नाही. गार, पांढराफटक. घाबरून राजनंदिनीबाईंकडे खरं सांगायला गेले. ओठच हलेनात—

११ एप्रिल
दुपारचे बारा. देवळात उभी आहे. कशी आले, ठाऊक नाही. पाय दगड. फक्त उजवा हात हलतोय, त्यानेच हे लिहितेय—
कळ्या माझ्याच खांद्यांवर.
मागून रखमाचा आवाज. "देवी, हिला नेऊ काय?"
डावी पडली तर सुटले. पेन सोडून नखांनी खरवडलं. निघत नाही. डिंक—
रखमे, मीच जाळले गुलाब, मीच—
उजवी सुटली. या पानाव