शेगडी, सिंक, फ्रीज आणि मी

६ जुलै
आजपासून नवीन प्रोजेक्ट: आपलं स्वयंपाकघर. रिटायर झाल्यापासून मी ते बारकाईने बघतो आहे. परिस्थिती भयंकर आहे. कौशल्या मिठासाठी एका टोकाला जाते, पोह्याच्या डब्यासाठी दुसऱ्या. मध्येच खाली बसून पावशीवर भाजी चिरते, मग गुडघ्यावर हात टेकून उठते. शास्त्र सांगतं, शेगडी, सिंक आणि फ्रीज यांचा त्रिकोण असावा आणि बाईने त्यातच फिरावं. वर्क ट्रँगल. जन्मभर कालव्यांचे नकाशे काढले, एक त्रिकोण मला जड नाही.

कौशल्याला समजावलं. ती म्हणाली, तिला काही त्रास नाही. ज्याला त्रास असतो त्याला तो कळत नसतो, हीच तर अडचण आहे.

७ जुलै
डेडलाइन ठरली. ३१ ऑगस्टला महालक्ष्म्या बसतात. आई होती तेव्हापासून त्या आमच्याकडेच असतात. अचलपूरहून खुशालरावदादा, सुभद्रावहिनी आणि सगळं खटलं अमरावतीत आमच्या घरी उतरतं. त्याआधी किचन तयार. दादा मला अजून चारचौघांत 'नहरवाला', म्हणजे कालवेवाला, म्हणतात. यंदा बघतील.

११ जुलै
नकाशा पूर्ण. तिन्ही बाजूंनी ओटा, मध्ये एक माणूस. हात लांब केला की वस्तू हातात. चौथ्या बाजूला, म्हणजे आत शिरायच्या जागी, फोल्डिंग टेबल. ही कल्पना संपूर्ण माझी. आत गेलं की टेबल आडवं करायचं आणि त्यावर पोळ्या लाटायच्या. कुठलीच बाजू वाया जात नाही.

जीवन मिस्त्री येऊन गेला. प्रत्येक गोष्टीला "होऊन जाते साहेब" म्हणतो. एवढा समजदार मिस्त्री मिळायला नशीब लागतं.

१४ जुलै
जुना ओटा फोडला. घरभर धूळ. कौशल्या अकोल्याला गेली, मुलीकडे, रागिणीकडे. धूळ बसली की येणार. जाताना दोन पातेली आणि पावशी घेऊन गेली. पातेल्यांचं समजू शकतो.

तसं बरंच झालं. बाई घरात असली की डिझाइनमध्ये लक्ष लागत नाही.

२२ जुलै
जीवन चार दिवस धामणगावला दुसऱ्या कामावर. सांगून गेला नाही. इथे टाइल्सचे गठ्ठे सोफ्यावर. मी हॉलमध्ये इलेक्ट्रिक शेगडीवर खिचडी करतो. रोज वेगळी होते.

संकल्प: रोज रात्री कौशल्याला फोन करायचा नाही. काम झाल्यावरच करायचा.

२३ जुलै
फोन केला. फक्त जिऱ्याचा डबा विचारायला.

३ ऑगस्ट
अकोल्याला जाऊन आलो. रागिणीचं स्वयंपाकघर म्हणजे प्लॅनिंगच्या नावाने बोंब. फ्रीज बाहेरच्या खोलीत. कौशल्या मागच्या दारात बसून गवार मोडत होती, दोन शेजारणी टेकून बसल्या होत्या, रागिणी मधूनच ओलांडून ये-जा करत होती. सगळ्या हसत होत्या. मी गेलो तेव्हा थांबल्या.

जावई विपुल यांना त्यांच्याही किचनचा नकाशा काढून देतो म्हटलं. त्यांना अचानक काम निघालं. रागिणी मला गेटपर्यंत सोडायला आली तेव्हा म्हणाली, "बाबा, आईले इथं चांगलं करमून राहिलं. तुमी घाई नका करू." म्हणजे काम नीट करा, असं तिला म्हणायचं असावं.

बसमध्ये उगाच उदास वाटलं. पोट बरं नसेल.

१७ ऑगस्ट, सकाळी १०.४०
किचन तयार. उद्घाटन म्हणून आत जाऊन टेबल आडवं केलं. खटका बसला. खटका बाहेरच्या बाजूने आहे, पार खाली; वाकून हात पोचत नाही.

सकाळी ११.३०
फोन हॉलमध्ये वाजतो आहे. टेबलावरून चढून जाता येईल, पण लॅमिनेट नवीन आहे. गुडघेही जुने आहेत. खालून सरपटायची जागा ट्रॉलीने घेतली. रोजनिशी मात्र आत आहे, कारण तिच्यासाठी मी खास ड्रॉवर केला होता. दूरदृष्टी यालाच म्हणतात.

दुपारी २
चहा झाला. वरणभात झाला. पुन्हा चहा. एक गोष्ट निर्विवाद सिद्ध झाली: माणूस या किचनमध्ये दिवसभर राहू शकतो.

संध्याकाळी ५.१५
पुढचं दार उघडंच होतं म्हणून जीवन उरलेली मजुरी घ्यायला थेट आत आला. मला बघून हसला नाही, त्याबद्दल मनातून आभार. खटका फिरवायचं विचारलं. होऊन जाते साहेब.

२४ ऑगस्ट
कौशल्याला व्हिडिओ कॉलवर सगळं दाखवलं. शेगडी, फ्रीज, मसाल्याचा खण. ती चष्मा लावून फोनजवळ सरकली. मला वाटलं भारावली. मग म्हणाली, कॅमेरा सिंककडे न्या. नेला. खाली काय आहे विचारलं. मी ट्रॉली ओढून दाखवली. कचऱ्याची, सॉफ्ट क्लोजिंग.

"त्या भिंतीले महालक्ष्म्या उभ्या राहतात," ती म्हणाली. "माह्या सासूनं दाखवलेली जागा हाये ते. तिथं तुमी खरकटं ठेवलं?"

महालक्ष्म्यांची जागा बदलत नाहीत, हे मला काय माहीत नाही? दरवर्षी मखर मीच बांधतो. पण वर्षभर ती भिंत रिकामी असते. नकाशात मी तिच्यावर 'डेड वॉल' असं लिहिलं होतं.

२५ ऑगस्ट
उपाय सुचला. सिंकवर फळी, फळीवर जरीचा कपडा. तीन दिवसांचा तर प्रश्न. कौशल्याला फोन केला. फळीपर्यंतच ऐकलं तिने.

२६ ऑगस्ट
दादांचा फोन. कौशल्याकडून कळल्यावर त्यांनी गुरुजींना विचारलं. यंदा महालक्ष्म्या अचलपूरला. मी पण यावं, असं म्हणाले. माझ्याच घरच्या महालक्ष्म्यांना मला आमंत्रण. नहरवाला म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं वाटलं असतं.

१ सप्टेंबर, अचलपूर
जेवण उत्तम. वहिनींच्या स्वयंपाकघरात बायकाच बायका. कौशल्या मधोमध बसून पुरण वाटत होती, कोणी आंबील ढवळत होतं, कोणी सोळा भाज्या चिरत होतं. एकीच्या हातातलं दुसरीच्या हातात जात होतं. त्रिकोण कुठेच नव्हता. दारात उभा राहून मी हे सगळं माझ्या किचनमध्ये बसवून पाहिलं. सुभद्रावहिनी बसल्या की जागा संपत होती.

पंगत उठल्यावर कौशल्याला बाजूला गाठलं. घरी कधी येतेस विचारलं. किचन पूर्ण झालं आहे, खटकासुद्धा बदलला, असं सांगितलं.

ती हात पुसत होती. रागावलेली नव्हती, तेच वाईट. "ते तुमचं झालं," म्हणाली. "माहं झालं की सांगा. येतो मी."

३ सप्टेंबर
अमरावती. काल महालक्ष्म्या उठल्या. कौशल्या रागिणीबरोबर अकोल्याच्या गाडीत बसली, मी इकडच्या. जीवनला फोन केला, ओटा तोडायचा आहे म्हटलं. पहिल्यांदाच तो होऊन जाते म्हणाला नाही. दिवाळीनंतर बघू म्हणाला.

घरात करमत नाही. हे खरं आहे म्हणून लिहून ठेवतो.

संध्याकाळी खिचडी लावली. तांदूळ, डाळ, मीठ, सगळं जागच्या जागी हाताला लागलं. एक पाऊल टाकावं लागलं नाही. मीठ जास्त झालं. शेजारी उभं राहून ते सांगायला कोणाला जागाच नव्हती.