आळणी डाळीनंतर

प्रिय विहीणबाई,

अक्षर बघून दचकू नका. अक्षर तुमच्या जावयाचं आहे, बोलणं माझं आहे. मला लिहिता येत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे, आणि आज घरात रिकामा असा हा एकच प्राणी सापडला. त्याने आधीच बजावलंय, आई, त्या माझ्या सासूबाई आहेत, जरा जपून बोल. मी म्हटलं, तू जपून लिही, मी बोलते तशीच बोलणार. फोन का केला नाही म्हणाल, तर उभा जन्म तुम्ही टेलिफोनच्या ऑफिसात लोकांचे फोन जोडून दिलेत आणि आता तुम्हालाच फोनवर ऐकू येत नाही. मग मला ओरडावं लागतं. मी ओरडले की खालच्या मजल्यावरचा शिंपीसुद्धा उत्तर देतो. प्रत्येक गोष्ट काही शिंप्याला ऐकवण्यासारखी नसते.

तुमची लेक बरी आहे. म्हणजे उभी आहे. पहाटे उठते, भाज्या चिरते, डबे भरते, जिने चढते-उतरते, आणि दुपारी भिंतीला टेकून अशी बघत बसते की मला वाटतं भिंतीवर काहीतरी लिहिलंय. मला कुठे वाचता येतंय! तिचं ऑफिस बंद पडलं आणि तिने लिफ्टमध्ये कागद चिकटवला, घरचं जेवण घरपोच मिळेल, तेव्हा मी मनात म्हटलं होतं, चार दिवसांचं खूळ आहे. तुम्ही आठ दिवसांसाठी मदतीला येणार असं कळलं तेव्हा म्हटलं, आठ दिवस काय, आठ दिवस मी कोणालाही सहन करीन. खूळ टिकलं, आणि तुम्हीही टिकलात. माझे दोन्ही हिशेब चुकले.

खरं सांगायचं तर हे घरचं जेवण म्हणजे काय, हे मला अजून उमगलेलं नाही. गॅरेजवाला म्हणतो, डाळ पातळ हवी, माझ्या आईची तशीच असायची. दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, तेल नको, आमच्याकडे तेलाची पद्धत नाही. शिंप्याला तिखटाशिवाय घास उतरत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन नर्सेस मात्र गुणी, त्यांना फक्त आपण स्वतः रांधलेलं नको असतं. सगळ्यांना घरचं हवं, पण प्रत्येकाला स्वतःच्या घरचं. मग आपण कोणाच्या घरचं शिजवत होतो? माझ्या घरचं म्हणावं तर तुम्ही कांदा चिरायचात दोऱ्यासारखा, आणि तुमच्या घरचं म्हणावं तर मसाला पडायचा माझ्या मुठीने. तुम्ही चमचे घेऊन माझ्या मुठीमागे उभ्या राहायचात, पोलिसासारख्या. मी म्हणायचे, हात हेच माझं माप. तुम्ही म्हणायचात, हात रोज सारखा नसतो, त्याला सांधेदुखी असते. एवढं झोंबलं होतं ते मला! आणि खरंही होतं, म्हणून जास्त झोंबलं.

आता त्या डाळीबद्दल. लिहिणारा सुस्कारा टाकतोय, टाकू दे. ही गोष्ट मी मनात इतक्यांदा उलटीपालटी केलीय, तरी तिचं शेपूट काही सापडत नाही. पहिल्या दिवसापासून मी डाळीत मीठ निम्मंच घालत होते. कारण मला पक्कं ठाऊक होतं, माझी पाठ वळली की तुमचा तुमच्या हिशेबाने एक चमचा पडणारच. आणि तुम्हीही निम्मंच घालत होतात, कारण माझी मूठ पडणारच याची तुम्हाला खात्री. तोंडाने एक शब्द नाही. दोघी एकमेकींवर लक्ष ठेवून, दोघी चोरून. आणि डाळ अशी व्हायची की गॅरेजवाला बोटं चाटायचा. आपली भांडणं आणि लोकांची स्तुती, दोन्ही एकाच वेळी वाढत होती.

मग एकदा पाऊस इतका आला की डबे घेऊन बाहेर जाता येईना, आणि आपण दोघी जिन्याच्या पायरीवर चहा पीत बसलो. तुम्ही मला टेलिफोनच्या ऑफिसातल्या त्या साहेबाची गोष्ट सांगितलीत, जो रोज एकच नंबर मागायचा आणि पलीकडून कोणी उचललं की ठेवून द्यायचा. मी तुम्हाला माझ्या नवऱ्याच्या घोरण्याची नक्कल करून दाखवली. तुम्ही इतक्या हसलात की चहा सांडला. वर येताना तुम्ही म्हणालात, तुमच्या हाताला चव आहे हो, उगाच नाही म्हणायचं. मी म्हटलं, आणि तुमच्या हाताला शिस्त. झालं. दुसऱ्या दिवशी मी मनात म्हटलं, आज मध्ये पडायचं नाही, आज डाळ विहीणबाईंची, मीठही त्यांचंच. तुम्हीही तसंच म्हटलंत. डबे गेले. आणि फोनवर फोन! शिंपी म्हणाला, आजी, आज समुद्र आटला का? डॉक्टरीणबाई सभ्य, त्या म्हणाल्या, आजचं जेवण फारच पथ्याचं होतं. मग चुलीपाशी चौकशी बसली. दोघींनी एकमेकींकडे बोट केलं आणि इतक्या दिवसांचं सगळं बाहेर पडलं. तुमच्या जावयाला हसू आवरेना. तुमची लेक मात्र हसली नाही. ती एवढंच म्हणाली, उद्यापासून मीठ मी घालीन, तुम्ही दोघी हात लावू नका.

मी विचारते, विहीणबाई, हे कोणतं शास्त्र? भांडत होतो तेव्हा डाळ नीट होत होती आणि गूळपीठ जमलं त्याच दिवशी बिघडली. मला वाटायचं म्हातारपणी सगळं उलगडतं. माझं तर गुंडाळतच चाललंय.

दुसऱ्या दिवशी तुम्ही बॅग भरलीत. म्हणालात, घरचा नळ गळतोय, बघायला हवं. पाच आठवडे झाले. एवढ्यात तर धरणाची भिंत दुरुस्त होते! तेव्हापासून मी कारणं शोधते आहे. जावई हसला म्हणून राग आला असेल का? (लिहिणाऱ्याचं तोंड आत्ता बघण्यासारखं झालंय.) लेकीने हात लावू नका म्हटलं, ते मनाला लागलं का? मलाही म्हटलं, पण मी सासू पडले, मला सवय आहे. की शिंप्याची बायको जिन्यात म्हणाली ते? म्हणे, लेकीकडे बरेच दिवस काढलेत, स्वतःचं घर भाड्याने दिलंत की काय? मला वाटलं होतं तुम्हाला ते ऐकू गेलं नाही. आता वाटतं, नको ते तुम्हाला बरोबर ऐकू येतं. तिला मी नंतर काय सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, जावई लिहिणारच नाही. पण तेव्हापासून शिंपी आपला डबा स्वतः वर येऊन नेतो, आणि खाली मान घालून नेतो.

तुमच्या लेकीला विचारलं तर तिचं भलतंच. ती म्हणते, मीच आईला या वयात राबवून घेतलं, थकून गेली बिचारी, आता बोलवायचं नाही, बोलवलं की ती नाही म्हणायची नाही. आणि तुमचं मन मला दिसतं तसं असेल तर तुम्ही तिकडे म्हणताय, तिच्या धंद्यात माझी लुडबुड नको, तिला हवी असेन तर बोलवील. आता दोघी बसल्या आहात एकमेकींची काळजी करत, दोन गावांत, दोन फोन उशाशी घेऊन. इतकं सभ्य वागणं मला झेपत नाही. कुणीतरी असभ्य व्हायला हवं, म्हणून मी होते आहे.

कारण गोष्ट आता इथवर आली आहे. पुढच्या चौकातल्या मोठ्या ऑफिसातून माणूस येऊन गेला. त्यांना तिथल्या सगळ्या लोकांचं दुपारचं जेवण रोज हवंय. होकार की नकार, महिनाअखेरीपर्यंत सांगायचं. तुमची लेक आधी नाचली, मग भांडी मोजली, मग घरातले हात मोजले. काल म्हणाली, नाही म्हणून कळवते, आणि आहेत तेही डबे हळूहळू बंद करते, पुन्हा नोकरी बघते, हात पुरत नाहीत. मी माझे दोन्ही हात तिच्यासमोर धरले. तिने ते प्रेमाने धरले आणि खाली ठेवले. मदतीला एक बाई ठेवली आहे. चांगली आहे, झटपट आहे, पण प्रत्येक गोष्टीला हो आजी, हो आजी. परवा मी मुद्दाम म्हटलं, भातात लिंबाच्या बिया घालतात. म्हणाली, हो आजी. असल्या बाईशी काय बोलायचं? आणि मी मटार सोलायला घेतले की ती हातातलं ताट काढून घेते, तेही हो आजी म्हणतच.

आता खरं कारण सांगते. ते गिऱ्हाइकांचं नाही, डाळीचं नाही, तुमच्या लेकीचंसुद्धा अर्धंच आहे. नवरा गेल्यावर मी या घरी आले. मुलगा चांगला आहे. लिही, लाजू नको. सून त्याच्याहून चांगली आहे, हेही लिही. पण आल्या दिवसापासून दोघांच्या तोंडी एकच, तो म्हणतो आई, बस, ती म्हणते आई, बसा. पाहुणे आले की बसा. भाजी आली की बसा. पाण्याचा पेला हातात येतो, वर्तमानपत्रातली चित्रं हातात येतात, आणि बसा. ही नवी बाईसुद्धा पहिल्याच दिवशी शिकली, आजी, बसा. इतकी वर्षं मी बसले आहे, विहीणबाई, की मला उभं राहता येतं हे लोक विसरले, आणि हळूहळू मीही विसरले. तुम्ही आलात त्या सकाळी बॅग अजून दारातच होती, आणि मला बघून म्हणालात, अहो, बसून काय राहिलात, उठा, कांदे चिरा! संध्याकाळपर्यंत मी रागाने धुमसत होते. इतका राग मला कितीतरी वर्षांत आला नव्हता. आणि इतकी भूकही लागली नव्हती.

लिहिणारा थांबलाय. थांबू नको रे, लिही. बस म्हणण्यात तुझी काही चूक नाही, माया अशीच असते, ती माणसाला खुर्ची देते. पण महिनाअखेरीला तुमच्या लेकीने नाही कळवलं की चूल घरापुरती उरेल आणि मी कायमची बसेन. तुम्ही मला आवडता की नाही, ते मला अजूनही नक्की सांगता येत नाही. कधी वाटतं हो, कधी तो चमचा आठवतो. तरी या. शनिवारची सकाळची बस धरा. लेकीला काही कळवू नका, लिहिणाऱ्यालाही मी शपथ घातली आहे. घंटी वाजवलीत की दार मीच उघडीन. तेवढ्यासाठी अजून उठू देतात मला.

तुमचीच,
तुमच्याइतका बारीक कांदा कधीच न चिरणारी,
विहीण