दार आणि कोपरा

कॉटनवुड बेंड, वायोमिंग
दि. १४ ऑक्टोबर

ती. आजोबांना,
सा. न. वि. वि.

फोनच करणार होते. पण फोनवर तुम्ही हवापाण्यापलीकडे बोलत नाही आणि खरं काय ते मग पत्रात लिहिता. म्हणून मीही थेट कागदच घेऊन बसले आहे.

परवा शाळा समितीची सभा झाली, जेवणाच्या हॉलमध्ये. सगळं गाव लोटलं होतं. विषय एकच, शिक्षकांनी शाळेत पिस्तूल बाळगावं की नाही. ट्रॅव्हिस म्युलर (त्याची लेक जूनी माझ्याच वर्गात, दुसरीत आहे) माइकसमोर इतका तावातावाने बोलला, की मागच्या बाया कॅसरोल वाढायचं विसरल्या. शेवटी शेरीफ डेल पर्व्हिस उठले. बर्फ पडलं की आपली गाडी शाळेपर्यंत यायला पाऊण तास लागतो, आणि याला आपल्याकडे काही उपाय नाही, एवढंच बोलून ते बसले. ठराव एका मताच्या फरकाने मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिका मिसेस हॉलबर्गनी बोलावून घेतलं. कोच ब्रिग्ज तयार आहेत, पण त्यांचं जिम शाळेच्या पुढच्या अंगाला. मागच्या दारापाशी माझा वर्ग, तिथे कोणी नाही. म्हणाल्या, चौदाव्या वर्षी एल्क हरीण पाडणारी पोरगी घरात असताना मी बाहेर कुठे शोधू? (या पराक्रमाची बातमी गावभर कोणी केली ते मला ठाऊक आहे.) थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीनंतर उत्तर द्यायचं आहे.

रायफल मला परकी नाही. पण ती डोंगरावर. इथे मी हातच्याची वजाबाकी शिकवते. हो म्हटलं आणि माझ्या हातून चुकलं तर? नाही म्हटलं आणि कोणी आत शिरलंच तर? दोन्ही विचार एकाच उशीवर डोकं ठेवून झोपतात, मला मात्र झोप नाही. तुम्ही काय म्हणता ते कळवा.

गुडघ्याला मलम चोळत जा. माया आहे तशीच राहू द्या.

तुमची,
मारेन


हार्लन स्प्रिंग्ज
दि. २० ऑक्टोबर

चि. मारेनला,
अ. आ.

तुझं पत्र आलं तेव्हा मी खिडकीशी बसून ॲस्पनची पानं गळताना बघत होतो आणि तिसरीत पाठ केलेली एक नावाड्याची कविता आठवत होतो. नाव नदीच्या मध्यापर्यंत जाते, पुढचं कडवं काही केल्या सापडत नाही. एक्याऐंशीव्या वर्षी माझे सगळेच नावाडी असे मध्येच थांबतात.

मी शिकवायचो तेव्हा नोव्हेंबरात शाळेच्या आवारात मुलांच्या पिकअप उभ्या असत आणि प्रत्येकीच्या मागच्या काचेला रायफल टांगलेली असे. गाड्यांना कुलूपही नसे. मधल्या सुट्टीत हेडमास्तर स्वतः कोणाची नवी रायफल बघायला बाहेर येत. घंटा झाली की तीच मुलं आत येऊन, हात मागे बांधून, चंद्रावरची कविता म्हणत. त्या दोन गोष्टींमध्ये भांडण आहे असं आम्हाला कधी वाटलंच नाही. मध्यंतरी काय मोडलं, मला सांगता यायचं नाही.

पण तू विचारलं आहेस, तर ऐक. मी कवितांवर जन्म काढला. कवितेने गोळी अडल्याचं माझ्या ऐकिवात नाही. पिस्तूल घे. बरोबर काय आणि चूक काय यावर लोकांना भांडू दे. मला तू जिवंत हवी आहेस, इतका साधा माझा स्वार्थ आहे.

आणि एल्कचं म्हणशील, तर त्याआधीच्या वर्षी झाडाला टेकून तू अशी घोरलीस, की डोंगर मोकळा झाला. हे मी गावाला सांगितलेलं नाही. अजून.

शाल पांघरून बाहेर पडत जा. तुझ्या वाटणीची माया कपाटात घडी घालून ठेवलेली नाही, रोज वापरात आहे.

तुझा,
आजोबा


कॉटनवुड बेंड
दि. ९ नोव्हेंबर

ती. आजोबांना,
सा. न. वि. वि.

तुमचं ऐकलं. शेरीफच्या नेमबाजीच्या मैदानावर जाऊन शिकून आले. नेम सगळ्यांत चांगला माझाच. ट्रॅव्हिस बघायला आला होता. बाईसाहेब, शुद्धलेखन सोडा आणि पोरांना हेच शिकवा, म्हणाला.

पण शिकवणाऱ्याने पहिल्याच दिवशी जे सांगितलं ते डोक्यातून जात नाही. इशारा झाला की मुलं कोपऱ्यात बसवायची आणि आपण त्यांना सोडून दाराशी जायचं. मागे बघायचं नाही. जो मागे बघतो त्याला उशीर होतो.

कोचना खरं मिळालं आहे, मला सध्या सवयीसाठी निळ्या प्लॅस्टिकचं खोटं पिस्तूल दिलं आहे. स्वेटरखाली, उजव्या कमरेला. मुलांना कळता कामा नये ही सक्त ताकीद. पण आजोबा, सात वर्षांचं मूल मिठी मारतं कुठे? नेमकी कमरेलाच. पहिल्या सकाळी मी अंग चोरलं, डावी कूस पुढे केली. आठवडा संपायच्या आत सगळा वर्ग डावीकडून यायला लागला. मी काही बोलले नव्हते, त्यांनीही काही विचारलं नाही. मुलं काय काय ओळखतात आणि गप्प राहतात, या विचाराने मी त्या दिवशी फळ्याकडे तोंड करून बराच वेळ नुसती उभी होते.

दुसरी अडचण ट्रॅव्हिसची जूनी. घाबरली की ती गुणगुणते. आपण गुणगुणतोय हे तिचं तिला कळत नाही. दिवे घालवून गप्प बसायचा सराव असतो तेव्हा तिच्या पाठीवर मी तळहात ठेवला, तरच ती थांबते. मदतनीस बाईंचा हात ठेवून पाहिला. नाही चालत.

तरीही बहुतेक मी हो म्हणणार आहे. एकोणीस तारखेला मुलं कविता म्हणून दाखवणार आहेत. या ना. तुमच्यासमोर अडखळायला त्यांना आवडेल.

येताना लोकरी मोजे विसरू नका. लोभाची उधारी कविता ऐकून फेडा.

तुमची,
मारेन


हार्लन स्प्रिंग्ज
दि. २१ नोव्हेंबर

चि. मारेनला,
अ. आ.

सुखरूप पोचलो.

तू तिथे होतीस, पण दाराकडे तोंड करून होतीस. तुझ्या पाठीमागे काय झालं ते तू पाहिलं नाहीस. मी पाहिलं. ते तुला सांगितल्याशिवाय मला जेवण जायचं नाही.

लाल वेण्यांची ती मुलगी पावसाच्या थेंबाची कविता म्हणत होती. भोंग्यातून मिसेस हॉलबर्गचा आवाज आला, हा सराव नाही. मी खुर्चीतून उठेपर्यंत दिवे गेले होते. कोणी घालवले? एका चिमुरडीचं ते कामच होतं म्हणे. ढकलाढकली नाही, रडणं नाही. पाण्याने उतार धरावा तशी ती मुलं कोपऱ्याकडे वाहत गेली आणि जाता जाता मलाही घेऊन गेली.

मग ती शांतता. मारेन, उभा जन्म मी वर्गाकडे शांतता मागितली. पट्टी आपटून मागितली, हात जोडून मागितली, गोष्टीचं आमिष दाखवून मागितली. अशी मला कधी मिळाली नाही. बर्फ पडून गेल्यावर पहाटे रानात असते तशी होती ती, आणि तिचे धनी सात वर्षांचे होते. मला लाज वाटावी की गुडघे टेकावेत, कळेना.

सर्दीने माझं नाक वाजत होतं. माझ्या ते ध्यानातही नव्हतं. शेजारच्या दात पडलेल्या पोराने माझी बाही ओढली, माझ्या नाकाकडे बोट केलं, आणि स्वतःचं तोंड उघडून श्वास कसा घ्यायचा ते करून दाखवलं. चिडला नाही. मंद विद्यार्थ्याला चांगला मास्तर दाखवतो तसं दोनदा दाखवलं. मी शिकलो.

तू दाराशी होतीस. स्वेटर मागे सारलेला, हात कमरेवर. ते पिस्तूल खोटं आहे हे तुझ्या पत्रातून मला ठाऊक होतं. माझा ऊर मात्र तेव्हा भरून आला होता. आणि मग ती गुणगुण सुरू झाली. बाटलीत कोंडलेल्या माशीएवढी बारीक. पण त्या शांततेत ती दारापर्यंत पोचली. तुझे खांदे ताठ झालेले मी पाहिले. मागे बघायचं नाही, हे तुला शिकवलं होतं. तू बघितलंस. मग दार सोडून आलीस, खाली बसलीस, जूनीच्या पाठीवर हात ठेवलास. गुणगुण थांबली.

दार समोर रिकामं. पिस्तूल घे म्हणणारा मीच, पण त्या घडीला तू दाराशी हवी होतीस की कोपऱ्यात, हे मला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. मी तुझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. भरदुपारी सूर्य झाकला जाताना पाहिलाय मी, टेकडीवर उभा राहून, टोपी काढून. त्यानंतर तसा उभा राहिलो नव्हतो कशापुढे. परवा बसल्या बसल्याच टोपी काढली.

कोण आलं होतं ते गावाला कळलंच आहे. वर्ल हचिन्स, नातवाची कविता चुकू नये म्हणून शिकारीवरून तडक ओढ्याकाठच्या झुडपांतून आला. हातात बायकोने दिलेला बिस्किटांचा डबा आणि खांद्यावर रायफल. कपाळावर चढवलेला चष्मा मी विसरतो, तसा तो खांद्यावरची रायफल विसरला. शाळेच्या स्वयंपाकीणबाईंनी खिडकीतून फक्त रायफल पाहिली आणि मिसेस हॉलबर्गकडे धावल्या. आणि हा मागच्या दाराच्या काचेवर टकटक करत, आज कार्यक्रम असून शाळेत अंधार कसा, या विचारात उभा. कोच ब्रिग्ज धावत आले, पिस्तूल रोखलं. वर्लने हात हलवला. त्या हात हलवण्याने तो वाचला, असं कोच मला नंतर गाड्यांपाशी म्हणाले. बोट चापावर होतं म्हणे. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. तरी ज्या दारापासून आम्ही सगळे लपलो, तिकडे कोच धावत गेले होते. मी त्यांचा हात बराच वेळ सोडला नाही. पलीकडे वर्ल पिकअपला टेकून, डबा पोटाशी धरून रडत होता.

दिवे आले. लाल वेण्यांची मुलगी परत पुढे गेली, हात मागे बांधले, आणि जिथे थांबली होती त्याच्या पुढच्या ओळीपासून म्हणायला लागली.

याच्यापुढे मला लिहवत नाही. तुझं उत्तर तू दे. मी आधी जे लिहिलं ते विसर असं म्हणत नाही, आणि धर असंही नाही.

जेवत जा वेळेवर. हा म्हातारा तुझाच आहे, ध्यानात असू दे.

आजोबा


कॉटनवुड बेंड
दि. २ डिसेंबर

ती. आजोबांना,
सा. न. वि. वि.

मी नाही म्हटलं.

मिसेस हॉलबर्गनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि कारण विचारलं. मी सांगितलं की दाराशी उभी राहणारी आणि कोपऱ्यात बसणारी ही दोन माणसं आहेत, आणि मी एकच आहे. नेम असणारं दुसरं कोणी सापडेल. जूनीच्या पाठीवर चालणारा हात दुसरा नाही.

समितीच्या सभेत मी एका मुलाच्या पाठीवर हात ठेवायला लागतो एवढंच सांगितलं, तसा ट्रॅव्हिस उसळलाच. हल्लेखोराचीही पाठ थोपटणार का, असं भर हॉलमध्ये विचारलं. काहीजण हसले. सगळ्यांदेखत मला जूनीचं नाव घ्यायचं नव्हतं. सभा सुटल्यावर मी त्याला वर्गात नेलं आणि त्याची लेक घाबरली की काय करते ते सांगितलं. तो आडदांड माणूस त्या बुटक्या खुर्चीत बसला. घरी ती असं कधी करत नाही, म्हणाला. मग स्वतःच म्हणाला, घरी घाबरतच नसेल. शेवटी त्याने विचारलं, हात कुठे ठेवायचा असतो? मी त्याच्या पाठीवर जागा दाखवली. मत त्याचं बदललेलं नाही. मागच्या दाराशी पिस्तूल हवंच, म्हणतो. मीही त्याला खोटं ठरवलं नाही.

कोच पिस्तूल ठेवणार आहेत, आणि ते आहेत याचा मला आधार वाटतो, हे लपवून काय करू? आमच्या दाराला नवं कुलूप बसलं आहे. तिथे उभं राहायला कोणी पुढे आलेलं नाही. माझं चुकलं असेल आजोबा. कोणीतरी खरंच आलं, तर चूक कोणाला भोगावी लागेल, ते रोज सकाळी हजेरी घेताना मी एकेका नावाने वाचते. पण मला दोन जागी बसता येत नाही.

रागावलात का? असाल तर तसं लिहा, गप्प राहू नका. माया पातळ करू नका.

तुमची,
मारेन


हार्लन स्प्रिंग्ज
दि. ११ डिसेंबर

चि. मारेनला,
अ. आ.

रागावलो नाही. घाबरलो आहे, आणि ते काही जायचं नाही. पण या वयात एवढ्या मोठ्या गोष्टीच्या इतक्या जवळ बसायला मिळालं, याचा अचंबा भीतीपेक्षा मोठा आहे. थेंबाभोवती आकाश असावं तसा.

मिसेस हॉलबर्गना मी परस्पर पत्र घातलं होतं. दुसरीतल्या मुलांचं वाचन ऐकायला एक म्हातारा फुकट मिळतो, हवा का, असं विचारलं. हवा म्हणाल्या, पण नियमाप्रमाणे बोटांचे ठसे द्यावे लागतील. म्हणून काल शेरीफ डेलच्या कचेरीत जाऊन आलो. माझाच विद्यार्थी तो, कविता पाठ नाही म्हणून बाकावर उभा राहिलेला. त्याच्या यंत्राला माझे ठसे काही सापडेनात. खडूने बोटं पार गुळगुळीत झाली आहेत. तीनदा पुसून पाहिली, शेवटी जुन्या पद्धतीने शाई लावली. शाई लावता लावता डेलने मला वेड्यात काढलं. कोणी आलंच तर तुम्ही काय करणार सर, त्याला कविता म्हणून दाखवणार? मी त्याला म्हटलं, मी जाडा आहे, हळू चालतो, आणि माझ्या बाजूने पुढे जायला कोणालाही वेळ लागतो.

हसला नाही तो. उठून दार उघडून धरलं त्याने माझ्यासाठी.

तुझ्या गावातली हार्डवेअरच्या दुकानावरची खोली मी जानेवारीपासून घेतली आहे. नाही म्हणू नकोस. तुझा नकार तू समितीपुढे खर्च करून बसली आहेस, माझ्यासाठी आता शिल्लक नाही. तू कोपऱ्यात बस, मुलांपाशी, तिथलं काम दुसऱ्या कोणाला येत नाही. मला फक्त एक रुंद खुर्ची लागेल, पाठ टेकता येईल अशी.

ती दाराशी ठेव.

तुझा,
आजोबा